मल्ल कोणत्या मातीचा?

निपाणीजवळच्या आमच्या गावी ग्रामदैवताची यात्रा भरते. पालखी देवळात परतली की दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचे मैदान असते. यंदा शेवटच्या कुस्तीचा मानकरी कोल्हापुराहून आला होता. पुकारणाऱ्याने त्याच्या नावापुढे तेथील तालमीचे नाव घेतले, तेव्हा हलगी कडाडत असतानाही आमची मान खाली गेली. तो जवान आमच्याच गल्लीतला होता.

चार वर्षांपूर्वी त्याचे वडील आम्हां यात्रेच्या पंचांकडे आले होते. "अण्णा, पोराचं दूध-बदाम आता मला झेपंना. देवाच्या पेटीतनं काय जमंल काय?" असे त्यांनी विचारले. त्याच वर्षी आम्ही मैदानाच्या इनामाची रक्कम वाढविली होती. परंतु रोजच्या खुराकास पैसा देण्याची वहिवाट नाही, असे सांगून आम्ही त्यांच्या हाती प्रसादाचा नारळ ठेवला. आठवड्याच्या आत पोराने वळकटी बांधली.

ही वाट आमच्या भागात जुनीच आहे. चिकोडी तालुक्यातील एकसंबा येथे १९३४ साली जन्मलेले श्रीपती खंचनाळे याच वाटेने कोल्हापुरास गेले. शाहू महाराजांनी तेथे कुस्तीस राजाश्रय दिला होता, १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत एकसंबा म्हैसूर राज्यात गेले. १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगांस हरवून खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा महाराष्ट्र राज्य अद्याप जन्मास यावयाचे होते. २०२० साली कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. जन्म एका मातीने दिला, अंग दुसरीने घडविले. कोणत्या मातीचा हक्क खोटा म्हणावा?

दूरदेशीही हाच प्रश्न आहे. रग्बी हा लांबट चेंडूचा दांडगा खेळ दक्षिण आफ्रिकेत घरोघरी प्रिय. तरीही अधिक मोबदल्यासाठी तेथील तरुण फ्रान्स, इंग्लंड, जपान गाठतात. सी. जे. स्टँडर हा खेळाडू २०१२ साली आयर्लंडास गेला आणि २०१६ पासून त्याच देशाकडून खेळला. परक्या देशाकडून खेळण्यास पूर्वी तेथे तीन वर्षांचे वास्तव्य पुरे असे. आता पाच वर्षे लागतात. तिकडे वर्षे मोजतात. आम्ही मात्र एका दिवसाचे इनाम मोजतो आणि उरलेल्या दिवसांच्या दुधाचा हिशेब बापावर सोडतो.

कुस्ती मारून तो जवान आमच्या पाया पडला. त्याच्या मनात राग नव्हता, याचेच आम्हांस अधिक लागले.

परवाच्या बैठकीत आम्ही सुचविले की, इनामातील काही भाग काढून गावच्या तालमीतील दोन मुलांस वर्षभर खुराक द्यावा. एक वडीलधारे म्हणाले, "आपलं दूध पिऊन तीही कोल्हापुरास गेली तर?"

जाऊ देत. पुकारणाऱ्याने गावाचे नाव घेतले, तर निदान त्या वेळी आम्हांस मान वर करून ऐकता येईल. ठराव अद्याप व्हावयाचा आहे.