मुरूम लागेपर्यंत

जळगावात आग्नेयेकडे तोंड केलं आणि नजर क्षितिजापासून साधारण ५८ अंश वर नेली, की ती जीसॅट-१५ च्या रोखाने जाते. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर हा उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा मिळतो. डीडी फ्री डिशचं चित्र तिथूनच येतं. धुळ्यात हाच कोन अर्धा अंश कमी. खानदेशात डिश बसवणाऱ्याला हे कागदावर बघावं लागत नाही. गावात शिरलं, की पत्र्यांवरच्या, धाब्यांवरच्या तबकड्याच दिशा सांगतात.

शिकायला आलेला पोरगा मात्र सुरुवातीला हमखास अडतो. त्याला तबकडी समोर बघताना दिसते आणि मी बोट दाखवतो आभाळात. छोटी डिश ऑफसेट असते. तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसून खालच्या बाजूने पुढे आलेला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा चोवीस-पंचवीस अंश वर बघत असते. हे पटायला वेळ लागतो. पटवण्यासाठी माझ्याकडे एक साधन आहे आणि ते वर्षातून दोनदाच मिळतं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं चित्र जातं आणि लोकांचे फोन सुरू होतात. मी त्या वेळी पोरांना गच्चीवर नेतो. तबकडीवर पडलेलं ऊन गोळा होऊन थेट एलएनबीच्या तोंडावर चमकताना दिसतं. शेजारच्या निंबाची सावली जर तेव्हा तबकडीवर पडली, तर ते झाड सिग्नलच्या आड येणार हेही तिथेच कळतं. मीटर न लावता केलेली इतकी अचूक तपासणी दुसरी नाही.

टीव्हीची डिश सर्वसाधारण माणसाच्या घरावर आली ती २००३ नंतर. डीटीएच सुरू झालं आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची फुकट सेवा आली. त्याआधी केबलवाल्याच्या गच्चीवर जाळीची मोठी तबकडी असायची, घराघरात फक्त वायर. डिश घरावर आली तशी आमची गरज लागली. एक जण वर तबकडी सरकवतो, एक जण आत टीव्हीसमोर, आणि अंगणातून अहिराणीत आरोळ्या: "उनं... गयं... उनं, उनं!" आजही साठ सेंटिमीटरच्या तबकडीला एवढं पुरतं. थोडी चूक ती खपवून घेते.

इंटरनेटची डिश खपवून घेत नाही. पेट्रोल पंपावर, आडगावच्या बँकशाखेत, एटीएमवर सव्वा मीटरची व्हीसॅट बसवायला लागलो तेव्हा हा धंदा मला नव्याने शिकावा लागला. टीव्हीची डिश नुसती ऐकते. ही ऐकते आणि बोलतेही. तिने भलतीकडे बोललं तर शेजारच्या उपग्रहावरच्या दुसऱ्या कुणाच्या कामात खरखर होते. या तबकडीची कड एक सेंटिमीटर हलली, की रोख जवळजवळ अर्ध्या अंशाने चुकतो, आणि उपग्रहाच्या अंतरावर अर्धा अंश म्हणजे तीनशे किलोमीटरहून जास्त. आता मे महिन्याच्या अखेरीस रावेर-यावलकडे जे वादळ येतं, उभ्या केळीच्या बागा आडव्या करून जातं, त्याचा विचार करा. ताशी शंभर किलोमीटरचा वारा असल्या तबकडीला साठ-सत्तर किलोचा रेटा देतो. साक्रीच्या ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. म्हणून रोख साधणं हे अर्ध्या तासाचं काम, आणि तो रोख पुढची दहा वर्षं तसाच राहणं हे खरं काम, असं मी मानतो.

आणि हे काम काळ्या मातीत करायचं असतं. आमची कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत जातो. अशा जमिनीत गुडघाभर खड्डा खणून, सिमेंट ओतून पाइप उभा केला तर मोजणीच्या दिवशी तो ताठ असतो. पहिला पाऊस झाला, की माती त्या सिमेंटच्या गोळ्याला एका अंगाने उचलते. दिवाळीत इंटरनेट बंद पडतं आणि दोष जातो मोडेमला. मोडेम बदलून जातात, केबल बदलून जातात, पाइपाला ओळंबा कुणी लावत नाही.

मी खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायला लावतो. कमरेइतका गेला तर कमरेइतका. ग्राहकाला हे पटत नाही. एका वाडीवर आप्पा खाट टाकून बघत बसले होते. म्हणाले, "भाऊ, डिश वर लावतो का विहीर पाडतो?" मी म्हटलं, "आप्पा, काळी संपू द्या, मग डिश." पहारीचा आवाज बदलतो तेव्हा कळतं. काळ्या मातीत ती बद्द वाजते, मुरमाला लागली की खण्ण करते. पाइपाच्या बुडाशी आडवा गज वेल्ड केलेला असतो, नाहीतर सिमेंट आवळल्यानंतरही वाऱ्याने पाइप आतल्या आत फिरतो. ओळंबा दोन बाजूंनी लावायचा, एकदा उत्तरेकडून, एकदा पूर्वेकडून. पाइप ओळंब्यात असला तर तबकडी डावी-उजवी फिरवताना तिची उंची बदलत नाही; नसला तर एक साधायला जावं तर दुसरं बिघडतं. सिमेंटभोवती काढलेली काळी माती परत भरायची नाही, मुरूम भरायचा. वर सिमेंटला उतार द्यायचा, पाणी साचता कामा नये. मग आठवडाभर पाणी मारायचं आणि तबकडी त्यानंतर चढवायची. त्याच दिवशी इंटरनेट सुरू करून हवं असणाऱ्याला हे सांगणं जड जातं, पण मी सांगतो.

तापीकाठी तर मुरूमच लागत नाही. गाळाची माती खोल खोल जाते. तिथे खड्डा बुडाशी रुंद करायचा, तोंडाशी अरुंद, म्हणजे सिमेंटचा पाया मातीखाली पसरून बसतो. धाब्याच्या घरावर निराळंच. खारी माती दाबून केलेलं ते छत. त्यात एक भोक पाडलं तरी घर गळणार. तिथे वर लोखंडी चौकट ठेवून तिच्यावर दगडांचं वजन द्यायचं, नाहीतर सरळ अंगणात पाइप रोवायचा. सातपुड्यात पावरा वस्तीत कुडाच्या भिंती. त्यांत फास्टनर धरणारच नाही. तिथेही जमिनीचाच आधार.

हे सगळं आता सांगावंसं वाटतं, कारण नवी डिश येऊ घातली आहे. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीला केंद्राचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने त्यांच्याशी इरादापत्रावर सही केली, आणि ज्या दुर्गम जिल्ह्यांची नावं त्यात घेतली त्यांत गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्या जोडीने आमचा नंदुरबार आहे. १९९८ पर्यंत धुळ्यातच असलेला जिल्हा. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आणि धडगाव-मोलगीच्या डोंगरात अजून फोनला रेंज शोधत टेकडी चढावी लागते. स्टारलिंकचे उपग्रह साधारण पाचशे किलोमीटरवरून जातात. जुन्या उपग्रहावरून प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो, डॉक्टर आणि पेशंट व्हिडिओवर एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. इथे तो खोळंबा जाणवण्याइतका राहत नाही. आरोग्य केंद्रासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे.

ही डिश आपला उपग्रह स्वतः शोधते. एक मावळला की दुसरा धरते. मीटर नाही, अंश नाही, आरोळ्या नाहीत. त्यामुळे आता बसवणारा लागणार नाही, असं पोरं म्हणतात. मला ते पटत नाही. जुन्या डिशला आभाळात एक भोक मोकळं असलं तरी चालायचं. ह्या डिशला शंभर अंशांहून जास्त रुंद आभाळ मोकळं लागतं. सातपुड्यात ते शोधणं सोपं नाही. दरीतल्या शाळेला दोन्ही बाजूंनी डोंगर. आणि साग. मे महिन्यात पाहणीला गेलात तर सागाची पानं गळून गेलेली असतात, आभाळ लख्ख मोकळं दिसतं. ऑगस्टमध्ये तेच झाड सुपाएवढी ओली पानं घेऊन उभं असतं. ओल्या पानातून हा सिग्नल जात नाही. फोनवरच्या ॲपने मे महिन्यात हिरवा कौल दिला म्हणून तिथे पाइप रोवणं चूक आहे. बुंधे बघायचे, फांद्यांचा पसारा बघायचा आणि पावसाळ्यातलं झाड मनात धरून जागा ठरवायची. केळीबागेतल्या घरालाही हेच. आज कमरेइतकी असलेली केळ काही महिन्यांत डोक्यावर जाते.

शिवाय वीज. ही तबकडी पाऊणशे ते शंभर वॅट खाते, तेही सतत. भारनियमनात बॅटरीचा हिशोब आधी मांडावा लागेल, सौर पॅनेल किती, रात्र किती. तिला पन्नास अंशांपर्यंतचं तापमान चालतं. भुसावळच्या गच्चीवर मे महिन्यात दुपारी हवाच ४५ अंशांवर जाते, वर स्लॅबची झळ. म्हणजे ती स्लॅबला चिकटवून ठेवायची नाही, खालून वारा खेळेल अशी उंच धरायची. अर्थिंगचा खड्डा कोळसा-मीठ घालून वेगळा काढायचा, कारण वळवाच्या विजा डोंगरात आधी उतरतात. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून पडतं, खोक्यात जात नाही. वानरांच्या वाटेत तर केबल पाइपातूनच न्यायची.

सरकारने आणि कंपनीने नंदुरबारला खोकी पाठवण्याआधी धडगाव, मोलगी, तोरणमाळची पोरं निवडून त्यांना हे शिकवावं, अशी माझी मागणी आहे. शहाद्याहून माणूस यायला दिवस जातो, आणि पावसात रस्ता बंद झाला तर आठवडा. तिथल्या पोराला कोणता साग किती पसरतो, ओढा कुठून फुटतो, कुठल्या टेकडीवर वीज पडते हे लहानपणापासून ठाऊक आहे. त्याला ओळंबा, पाना आणि क्लॅम्प कसा आवळायचा एवढं द्यायचं आहे. मी शिकवायला तयार आहे, पैसे न घेता. फक्त वेळ पाळायला हवी: खड्डे एप्रिल-मेमध्ये निघाले पाहिजेत, भेगा उघड्या असताना, म्हणजे काळी किती खोल आहे ते दिसतं. जूनचा पहिला पाऊस पडला, की डोंगरात सिमेंटची गोणी चढवता येत नाही.