साडेसातचा प्रयोग

शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी चहाचं मोठं पातेलं चढलं की शेजारच्या वहिनी ओळखतात, आज नाटकवाले येणार. नाटकवाले म्हणजे नाटक करणारे नव्हेत हं! आम्ही नुसते बघणारे, आणि बघून झाल्यावर महिनाभर त्यावर बोलणारे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले काका, बँकेतले एक स्नेही आणि त्यांची बायको, आमच्याच कॉलेजात कन्नड शिकवणारी माझी मैत्रीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो, आणि मी. काका नात्यानं आमच्यापैकी कुणाचेच नाहीत, म्हणून ते सगळ्यांचेच काका. वय अठ्ठ्याहत्तर. नाटकाला नेहमी उशिरा येणार आणि दुसऱ्या अंकात हमखास डुलकी काढणार. पण नंतर चर्चेत सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

आमच्या कट्ट्याचा एक नेम आहे. वर्षातून एकदा मोठ्या शहरात जायचं आणि नाटक बघून यायचं. मोठं शहर म्हणजे पुणे, नाही तर मुंबई. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर आणि दादरचं शिवाजी मंदिर ही आमची पंढरी. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघायचं, सकाळी कुणा नातेवाइकाकडं आंघोळ उरकायची, दुपारी एक नाटक बघायचं, जमलं तर संध्याकाळी दुसरं, आणि सोमवारी डोळे चोळत पहिल्या तासाला हजर.

गेल्या वर्षी मात्र अक्कानं मोडता घातला.

"दर वर्षी मी तुमच्याबरोबर मराठी नाटक बघायला येते. या खेपेला तुम्ही माझ्याबरोबर चला की. बेंगळुरूला."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. सगळ्यांचे डोळे काकांकडं. सीमाप्रश्नाच्या मोर्च्यात कायम पुढं असलेला हा माणूस. बाजारात भाजीवालीशी घासाघीस अस्खलित कन्नडमध्ये करतात, पण कन्नड नाटकाला जाऊन बसणं म्हणजे काहीतरी वेगळंच.

"कन्नड नाटक बघायला मी एवढ्या लांब कशाला येऊ वो?" काका म्हणाले. मग थोड्या वेळानं बशी खाली ठेवत स्वतःच म्हणाले, "नातू तिकडं नोकरीला आहे. त्याला कुंदा द्यायचा आहेच. येतो. नाटकाचं तिथं गेल्यावर बघू."

गाडीत बसलो. डबे उघडले. दशम्या, शेंगाचटणी, दही. पोट भरल्यावर काकांनी अपेक्षेप्रमाणं विषय काढला. "काही म्हणा अक्का, नाटक आमचंच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तिथनं सुरुवात."

अक्का हसली. "खरं आहे की. पण त्याआधी सांगलीत कोण खेळ करून गेलं होतं?"

काका गप्प. उत्तर त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. वर्गात दर वर्षी शिकवते मी. होन्नावरजवळच्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांपुढं खेळ करून गेली, आणि तसंच काही आपल्या भाषेत व्हावं म्हणून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना पुढं केलं. मराठी नाटकाचा उगम शोधत वर चढत गेलं, तर एक वाट थेट कारवार किनाऱ्याच्या यक्षगानात जाऊन पोचते. पुढं १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगलं, त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्या सौंदत्तीजवळच्या गुर्लहोसूरचे. आणि कन्नड कंपनी नाटकांचे एणगी बाळप्पा, जे २०१७ साली वयाच्या एकशे चौथ्या वर्षी गेले, तेही त्याच सौंदत्ती तालुक्यातल्या एणगीचे. एकाच मातीतून दोन भाषांच्या रंगभूमीला माणसं मिळाली.

"मॅडम, तास संपला!" बँकेतले स्नेही म्हणाले आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा नातू लॉजवर येऊन भेटला. कुंदा त्याच्या हवाली झाला. त्यानं आजोबांना घरी मुक्कामाला न्यायचा हट्ट धरला, तर काका म्हणाले, "नको रे. आता आलोच आहे तर बघतो."

अक्कानं आम्हाला नेलं ते जे. पी. नगरमधल्या रंगशंकराला. शंकर नाग यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी मोठ्या खटपटीनं उभं केलेलं हे नाट्यगृह २००४ साली सुरू झालं. शंकर नाग म्हटल्यावर आपल्या पिढीला 'मालगुडी डेज' आठवणारच. पण हा होन्नावरकडचा मुलगा आधी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरला होता आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्याचा हात होता, हे किती जणांना माहीत असतं? १९९० साली अपघातात तो गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. होन्नावरची ती जुनी वाट त्याच्याही पायाखालून गेलेली.

रंगशंकराचा एक नियम आहे. प्रयोग साडेसातला म्हणजे साडेसातला. दार बंद झालं की मग कुणीही येवो, आत सोडत नाहीत. आपल्याकडं सहाचा प्रयोग पावणेसातला सुरू होतो आणि पाहुणे आले की पुन्हा पहिल्यापासून नमस्कार-चमत्कार. अक्कानं सकाळपासून काकांच्या डोक्याशी घड्याळ लावलं होतं. तरी मेट्रोतून उतरल्यावर रिक्षा मिळेना. शेवटी पोचलो तेव्हा सात पंचवीस झाले होते. काका धापा टाकत पायऱ्या चढले आणि आम्ही आत गेल्यावर पाचच मिनिटांत दार लागलं. "शाळा बरी होती यापेक्षा," एवढंच ते म्हणाले.

नाटक होतं गिरीश कार्नाडांचं 'नागमंडल'. नाट्यगृह लहान, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसलेले, मधल्या जागेत नाटक. पहिल्याच प्रवेशात एक नाटककार येतो. त्याच्या नाटकांनी इतकी माणसं झोपवली आहेत की आता त्याला शाप आहे. महिनाअखेरच्या त्या रात्री पहाटेपर्यंत जागा राहिला तरच वाचेल, डोळा लागला तर मेला. तो पडक्या देवळात बसलेला असताना गावभरच्या विझवलेल्या दिव्यांच्या ज्योती तिथं जमतात आणि आपापल्या घरातल्या गोष्टी एकमेकींना सांगतात. माझ्या मनात आलं, हा तर आमचा शनिवारचा कट्टा!

मग ती गोष्ट सुरू होते. नवरा अप्पण्णा राणीला घरात कोंडून बाहेर जातो, फक्त दुपारच्या जेवणाला येतो. म्हातारी कुरुडव्वा नवऱ्याला वश करायला मुळी देते. ती घातलेली आमटी लालभडक होते, राणी घाबरून ती वारुळात ओतते, आणि रात्री नाग नवऱ्याचं रूप घेऊन येतो. दिवसाचा नवरा वेगळा, रात्रीचा वेगळा. बोलायची सोय नाही, विचारायची सोय नाही. शेवटी राणीला दिवस जातात, पंचायत बसते, आणि तिला वारुळातल्या नागाला हातात धरून शपथ घ्यावी लागते. ती म्हणते, माझा नवरा आणि हा नाग, या दोघांखेरीज मी कुणालाही शिवले नाही. शब्दन् शब्द खरा! आणि ज्या गावानं न्यायनिवाडा मांडला होता, तेच गाव तिच्या पाया पडतं.

त्या प्रवेशाला मी काकांकडं बघितलं. ते खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. हाताची मूठ वळलेली. डुलकीचा पत्ता नाही.

प्रयोगानंतर तिथल्याच कॅफेत गेलो. तिथं चक्क साबुदाण्याचा वडा मिळाला. बेंगळुरूत येऊन उपासाचा वडा! वडा खाता खाता बँकेतल्या स्नेह्यांनी जाहीर केलं, "आज काका झोपले नाहीत. म्हणजे लेखक वाचला!" सगळे हसलो. काकाही हसले. मग अक्काकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदाच बाजाराच्या बाहेर, ते तिच्याशी कन्नडमध्ये बोलले. "बाळ छलो इत्तु री."

खरं नाटक मात्र परतीच्या गाडीत झालं.

आमच्या गप्पांना ऊत आला होता. नाट्यगृह कसं असावं, प्रेक्षक कसा असावा, आपल्या गावात हे का होत नाही. आपल्याकडं रसिकच उरले नाहीत, असा निकाल मी दिला. टीव्हीनं खाल्लं, मोबाइलनं खाल्लं. बोलण्याच्या भरात होते मी. काका खिडकीशी बसून ऐकत होते. एकदम म्हणाले, "दिवाळीनंतर आपल्या पोराचं नाटक झालं. तुमच्यातले किती जण होता?"

गाडीचा आवाज तेवढा ऐकू येत राहिला.

तो पोरगा माझा विद्यार्थी. आमच्या गावातलं एक छोटं सभागृह भाड्यानं घेऊन त्यानं स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं होतं. एका घराची गोष्ट, आजी फक्त कन्नड बोलते, नातू मराठीतून उत्तर देतो. नाटक अर्धं मराठी, अर्धं कन्नड. तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात रोज चालतं तेच. पास द्यायला तो घरी आला होता, माझ्या पाया पडला होता.

"माझे पेपर होते तपासायचे," मी म्हटलं.

"आमच्याकडं लग्न होतं," बँकवाल्या वहिनी म्हणाल्या.

अक्का काहीच बोलली नाही. आणि तिच्या न बोलण्यानं मला माझं खरं कारण आठवलं. पेपर होतेच, पण ते दुसऱ्या दिवशीही तपासता आले असते. त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणालं होतं, "दोन्ही भाषा एकत्र? जपून हो मॅडम." इकडचे म्हणतील यात कन्नड कशाला, तिकडचे म्हणतील यात मराठी कशाला. उगाच नाव नको, असं म्हणून मी घरी बसले. अक्कालाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. एका टेबलावर समोरासमोर बसणाऱ्या आम्ही दोघी, एकमेकींना न विचारता घरी बसलो होतो.

"सतरा जण होते," काका म्हणाले. "मी मोजले. त्यातले पाच त्या पोराच्या घरचे."

"काका, तुम्ही गेला होता? त्यात कन्नड होतं ना?" मी न राहवून विचारलं.

ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "माझी आई गोकाककडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पुढं छान शिकली. पण पैसे मोजायची ते कायम कन्नडमध्येच. ओंदु, एरडु, मूरु. शेवटच्या आजारपणात मराठी विसरून गेली. नुसतं कन्नड बोलायची आणि मी मराठीत उत्तर द्यायचो. मोर्च्यात असताना हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नंतर सांगायचं राहूनच गेलं. त्या पोरानं ते स्टेजवर मांडलं, तेव्हा मला मागं बसून रडता आलं. सतराच जण होते, ते एक बरं झालं."

धारवाड येईपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

घरी आल्यावर मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. सरळ माफी मागितली. तो संकोचला. "असू दे की मॅडम." पुन्हा प्रयोग करणार का, असं विचारलं, तर म्हणाला, आजीचं काम करणारी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, भाड्याचेही पैसे अजून फिटायचे आहेत. मग मीच म्हटलं, नाटक वाचायला तर भाडं लागत नाही. आमचा हॉल आहे, चहाचं पातेलं आहे. शनिवारी ये.

निरोप मी आणि अक्का दोघींनी मिळून दिले. स्टाफरूममध्येही, सगळ्यांच्या देखत. ज्यांनी 'जपून' म्हटलं होतं त्यांनाही बोलावलं. आजीचं काम अक्कानं वाचायचं ठरलं.

त्या शनिवारी संध्याकाळी ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी दाराची बेल वाजली. मी तेव्हा सतरंजी घालत होते. दारात काका. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी आलेले.

"अहो काका, अजून कुणीच आलं नाही!"

"येऊ देत की," ते चपला काढत म्हणाले आणि दाराजवळची खुर्ची ओढून बसले. "मी मोजायला बसतो."

त्या दिवशी आम्ही तेवीस जण होतो. 'जपून' म्हणणारेही आले, जरा उशिरा. काकांनी त्यांना आत घेतलं.