आक्कांचे प्रश्न

माझ्या थोरल्या भगिनी साताऱ्यास असतात, वय ८१. नजरेवर पडदा आल्याने त्यांचा रोजचा स्वाध्याय थांबला होता, तरी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस त्या वर्षभर नकार देत होत्या. अखेर त्यांना सांगलीस माझ्याकडे आणले, तेव्हा कारण समजले. शस्त्रक्रियेत डोळ्याच्या आत औषध सोडतात, असे त्यांनी ऐकले होते. भीती सुईची नव्हती. "ते कशापासून करतात, एवढे मला कळू दे," एवढेच त्यांचे म्हणणे.

बँकेत ३४ वर्षे मी कागद वाचल्यावाचून सही केली नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्याच्या वेळी मात्र संमतिपत्रावर निमूटपणे सही करून मोकळा झालो होतो!

डॉक्टरांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. मोतीबिंदू काढताना डोळ्याचा पुढचा कप्पा मिटू नये व आतील नाजूक पेशींना इजा होऊ नये, म्हणून तेथे एक जेल भरतात. हायल्युरोनिक आम्लाचे जेल प्रथम आले ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढलेले. पुढे ते जिवाणूंच्या साहाय्याने, किण्वनाने तयार होऊ लागले. एचपीएमसी नावाचे दुसरे जेल वनस्पतींच्या सेल्युलोजपासून करतात व आपल्याकडे ते पुष्कळ वापरले जाते. आक्कांसाठी त्यांनी तेच लिहून दिले.

अखेरीस सोडायचे ते मॉक्सिफ्लॉक्सासिन. हे प्रतिजैविक रासायनिक प्रक्रियेने बनते. त्यासाठी वेगळे टोचावेही लागत नाही. शस्त्रक्रियेच्या छेदातूनच बोथट नळीने थेंबभर सोडतात. आत जंतुसंसर्ग झाल्यास दृष्टीच जाऊ शकते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहातील सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या औषधाविना दहा हजारांत सुमारे सात डोळ्यांना संसर्ग झाला होता, औषध दिलेल्यांत सुमारे दोन. हिशेबाच्या माणसाला यापुढे काय सांगावे?

आक्कांचा दुसरा प्रश्न मला सुचलाच नसता. नंतर घरी घालायचे थेंब घशात उतरून कडू लागतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्याने काय करावे? डॉक्टरांनी थेंबांच्या वेळा दिवसाउजेडी बसवून दिल्या आणि थेंब घातल्यावर नाकालगतचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरावयास शिकविले. तसे केल्यास औषध घशात फारसे उतरत नाही.

दुसऱ्या डोळ्याची तारीख आक्कांनी स्वतःच ठरविली आहे.