जुना पार्ट हातात ठेवणारी माणसं

सत्तर-ऐंशीच्या दशकांत संसार मांडलेल्या आमच्या पिढीच्या घरांत कालनिर्णय फक्त तिथी बघायला नसायचं. १९७३ साली ते निघालं आणि थोड्याच वर्षांत स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा खिळा कायमचा त्याचा झाला. तारखांच्या चौकोनांत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याचा दिवस, इस्त्रीला दिलेले कपडे लिहिलेले असत. आणि कडेच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीने आणखी काही: ‘मिक्सर – मंडईमागे, गुरुवारी बंद’, ‘पंखा – शाळेसमोरचा जिना’, ‘फ्रीज – नानींच्या ओळखीचे’. नवं वर्ष आलं की सणवार बघायच्या आधी ही पट्टी नव्या कालनिर्णयावर उतरवून घ्यायची, हे घरातल्या बाईचं काम असे.

फ्रीजवाल्यांचा पत्ता लिहिलेला नसे, कारण त्याची गरज नव्हती. शेजारच्या नानींनी सांगितलं म्हणजे ते येणार. आणि आले की नीट काम करणार, कारण काम बिघडलं तर आधी नानींना वाईट वाटेल हे त्यांना ठाऊक असे. शेजारणीने माणूस सुचवला की ती नकळत त्याची जामीन होत असे. आज आपण मोबाइलवर अनोळखी माणसांनी दिलेले तारे मोजतो. ते तारे देणाऱ्याचं पुढे काहीच अडलेलं नसतं. नानींना मात्र रोज आमच्याच जिन्यावरून जायचं होतं.

शिवाय प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता. दुरुस्तीवाला यायचा तो दुपारी. त्या वेळी घरात एकटी सून, पाळण्यातलं मूल आणि फार तर ऐकू न येणाऱ्या सासूबाई. अनोळखी पुरुषाला आत घ्यायचं, तेही माजघरापर्यंत, हे सोपं नव्हतं. आमच्याकडे येणारे जुने मेकॅनिक चपला बाहेर काढत आणि म्हणत, ‘वहिनी, दार उघडंच राहू द्या.’ हे त्यांना कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. पण हे वाक्य आमच्या पिढीतल्या कितीतरी जणींनी ऐकलेलं आहे, आणि ते ऐकलं की निम्मी चिंता तिथेच संपत असे.

स्टोव्हचं आधी सांगायला हवं. गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जात, तोवर पितळी स्टोव्हवरच सगळा स्वयंपाक. बर्नरमध्ये काजळी धरली की पिन मारायची, पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की तेलाचे दोन थेंब सोडायचे, एवढं आम्हाला येत होतं. त्यापुढचं काम गल्लीतून ओरडत जाणाऱ्या स्टोव्हवाल्याचं. तो ओट्याखाली उकिडवा बसून बर्नर बदलायचा, टाकीला कुठे पाझर आहे का ते साबणाच्या पाण्याने बघायचा आणि आपल्यासमोर पेटवून, ज्योत निळी झाल्यावरच उठायचा. स्टोव्हच्या भडक्याच्या बातम्या पेपरात सारख्या येत असत, त्यामुळे त्याचं ते थांबून बघणं आम्हाला फार मोलाचं वाटे.

रेडिओची दुरुस्ती म्हणजे निराळीच प्रतिष्ठा. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे, तो दर वर्षी पैसे भरून नवा करावा लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही पद्धत होती. असा सरकारदरबारी नोंद असलेला मर्फी किंवा फिलिप्स बंद पडला की वडीलमंडळी स्वतः तो चादरीत गुंडाळून दुकानात नेत. व्हॉल्व्हचे रेडिओ लावल्या लावल्या बोलत नसत, आतले दिवे तापायला वेळ लागे. रेडिओवाले काका मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढत, दिवे लागू देत आणि एकेक व्हॉल्व्ह बदलून बघत. राळेचा आणि तापल्या कथलाचा वास त्या दुकानाला कायमचा चिकटलेला होता. पुष्कळदा बिघाड अगदी किरकोळ निघे. स्टेशन दाखवणारा काटा ज्या दोऱ्यावर सरकतो तो दोरा सैल व्हायचा किंवा तुटायचा. रेडिओ ठणठणीत, फक्त काटा जागचा हलत नाही. काका कप्प्यांवरून नवा दोरा ओवून देत आणि दोऱ्याचेच पैसे घेत. ‘व्हॉल्व्ह गेलाय’ म्हणाले असते तरी आमच्या घरात कुणाला काय कळणार होतं? तेव्हापासून आमचे सासरे दुसऱ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

मिक्सरची गोष्ट मला फार जवळची आहे, कारण आपल्याकडचा मिक्सरच मुळी दुरुस्ती मिळेना म्हणून जन्माला आला. १९६३ च्या सुमारास मुंबईत सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरांच्या घरी जर्मन बनावटीचा ब्राउन मिक्सर होता. आपल्याकडचं वाटण त्याला झेपलं नाही, मोटर जळाली आणि तो दुरुस्त करून देणारं इथे कुणी नव्हतं. माधुरी माथुरांनी नवऱ्यापुढे ही अडचण ठेवली आणि त्यातून सुमीत तयार झाला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुक्या मिरच्या यांना पुरून उरणारी मोटर त्यात होती. आमच्या पिढीच्या कितीतरी बायकांनी पाटा-वरवंटा आडवा उचलून गॅलरीत ठेवला तो सुमीत आल्यावर.

मिक्सर मोठ्या वेगाने फिरतो, म्हणून झिजतोही. मोटरला आतून वीज पोचवणारे कार्बनचे दोन छोटे तुकडे घासून संपतात, मग ठिणग्या दिसतात आणि जळका वास येतो. भांड्याखालचा कपलर तुटतो. तो मुद्दामच मोटरपेक्षा नाजूक ठेवलेला असतो, म्हणजे पातं अडकलं तर तो तुटावा आणि मोटर वाचावी. हे सगळं मला मंडईमागच्या मिक्सरवाल्यांनी सांगितलं, तेही तुटका कपलर माझ्या हातात ठेवून. एकदा पुरणाच्या दिवशीच मिक्सर ठप्प झाला. शेजारच्या मुलाला धावत त्यांच्याकडे पाठवलं. ते आले नाहीत, निरोप आला: ‘वहिनींना सांग, मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबून बघा.’ जास्त भार आला की मोटर जळू नये म्हणून ते बटण आपोआप सुटतं. दाबलं आणि मिक्सर सुरू! त्या निरोपाचं त्यांना काहीच मिळालं नाही. पण आमच्या इमारतीतला प्रत्येक मिक्सर पुढे त्यांच्याकडेच गेला.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यातही दिसू लागलं आणि गच्च्यांवर अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. टीव्ही बिघडायचा तो नेमका शनिवारी दुपारी, असं सगळ्याच घरांचं म्हणणं असे. चित्र वरून खाली घरंगळतं, आवाज येतो पण पडदा काळा, मुंग्या मुंग्या दिसतात अशी लक्षणं घेऊन लोक टीव्हीवाल्याच्या दारात उभे. तो आला की सगळी मुलं त्याच्याभोवती. मागचं झाकण उघडायच्या आधी तो त्यांना चार हात लांब बसवायचा, कारण पिक्चर ट्यूबला दहा हजारांहून जास्त व्होल्ट लागत आणि प्लग काढल्यावरही ते ट्यूबमध्ये साठून राहत. तो आधी स्क्रू-ड्रायव्हरला वायर जोडून ती वीज चासीवर उतरवायचा. चट् असा आवाज व्हायचा. आमच्या मुलाने ‘हे कशाला?’ विचारलं तेव्हा त्याने काम थांबवून नीट समजावून सांगितलं. तो मुलगा पुढे इलेक्ट्रॉनिक्सकडे गेला.

विश्वास कशावरून बसायचा, याचा आता विचार करते तेव्हा भाव किंवा दुकानाची पाटी आठवतच नाही. वस्तू आपल्यासमोर उघडली जायची, ते आठवतं. निघालेला पार्ट कागदात गुंडाळून परत दिला जायचा, ‘हा बघा, इथे जळलाय’ म्हणून. आणि कधी कधी चक्क नकार मिळायचा. ‘याच्यात आता पैसे घालू नका, वहिनी,’ असं म्हणून स्वतःचं काम सोडून देणारा माणूस मी पाहिला आहे. आमचे वायरमन याहून कडक. आयटीआय झालेले, वायरमनचा परवाना दुकानात फ्रेम करून लावलेला. जुन्या वाड्यात लाकडी पट्टीवरची वायरिंग, फ्यूज सारखा उडायचा. ‘जाड तार घालून द्या म्हणजे कटकट मिटेल,’ असं सगळे भाडेकरू त्यांना सांगत. त्यांनी कधीही घातली नाही. ‘तार वितळते म्हणून तुमचं घर वाचतं. जाड तार घातली तर आत भिंतीत वायर पेटेल,’ असं सांगून ते हिशेबाची बारीक तारच घालत. गीझर बसवायला बोलावलं तर आधी अर्थिंग तपासलं, ते नव्हतं म्हणून गीझर खोक्यातच ठेवून गेले आणि अर्थिंग केल्यावरच बसवला. गिऱ्हाइकाची नाराजी पत्करून त्याचा जीव सांभाळणारी ही माणसं होती.

लबाडी तेव्हाही होती, ती लपवून ठेवायचं कारण नाही. पंखा हळू फिरतो म्हटलं की ‘वाइंडिंग गेलं’ सांगणारे होते, आणि बहुतेक वेळा फक्त कंडेन्सर बदलायचा असे. तांब्याच्या वाइंडिंगचे पैसे घेऊन अ‍ॅल्युमिनियमची तार भरणारे होते. फ्रीजच्या बाबतीत तर ही फसवणूक आजही चालते. ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल,’ असं ऐकलं की आपण मान डोलावतो. पण फ्रीजमधला गॅस बंद नळ्यांत फिरत असतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतंय. गळती शोधून ती बंद न करता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरणारा माणूस एक तर अडाणी किंवा अप्रामाणिक. नानींच्या ओळखीच्या फ्रीजवाल्यांनी आमच्या गोदरेजची गळती साबणाच्या फेसाने शोधली, सांधा जोडला, आणि तो फ्रीज आमच्या मुलीच्या लग्नानंतरही चालत होता.

मला वाटतं, बदल झाला तो माणसांच्या स्वभावात कमी आणि वस्तूंच्या घडणीत जास्त. १९९१ नंतर बाजार खुला झाला, ‘जुनं द्या, नवं घ्या’च्या जाहिराती आल्या. स्क्रूच्या जागी चिकटवलेले सांधे आले, दर वर्षी मॉडेल बदलू लागलं, आणि गेल्या वर्षीचा पार्ट पुण्याच्या तपकीर गल्लीत नाही की मुंबईच्या लोहार चाळीत नाही. मंडईमागचे मिक्सरवाले म्हणत, हात तोच आहे, पण उघडायला जागाच ठेवलेली नाही. त्यांच्या मुलांनी दुकान चालवलं नाही. एवढं कौशल्य असून हाती पडत होतं ते थोडंच.

आता घरी येतो तो कंपनीचा गणवेश घातलेला तरुण. तो वाईट नसतो. त्याच्या मोबाइलवर दिवसाच्या कामांची यादी आणि प्रत्येक कामाची वेळ ठरलेली असते, बिघाड शोधत बसायला त्याला सवड नसते. मागे आमचं वॉशिंग मशीन पाणी सोडेना. आलेल्या मुलाने ‘बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून मोठा आकडा सांगितला. मी थांबायला सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. त्यांनी पाणी उपसून टाकणाऱ्या पंपाची जाळी उघडली. आत शर्टाचं बटण आणि एक रुपयाचं नाणं अडकलेलं होतं. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, तेव्हा मला अतिशय बरं वाटलं. ती रीत अजून आहे.

ती टिकावी म्हणून आपल्या हातातही काही आहे. आमच्याच पिढीने हक्कासाठी भांडायला सुरुवात केली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. पैसे देऊन करून घेतलेली दुरुस्ती ही सेवा आहे आणि तिच्यात कसूर झाली तर दाद मागता येते, हे त्या कायद्याने दिलं आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते आहे. त्यासाठी बिल मात्र हातात हवं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती लोकांसाठी खुली करावी, हा त्यामागचा हेतू. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कालनिर्णयाच्या कडेला लिहून ठेवण्यासारखा आहे.

लेकी-सुनांना माझं एवढंच सांगणं आहे. दुरुस्ती डोळ्यांसमोर करून घ्या, काय बिघडलं ते विचारा आणि निघालेला पार्ट परत मागा; प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही. आणि असा माणूस तुमच्या गल्लीत अजून दुकान उघडत असेल तर त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याचे पूर्ण पैसे द्या, आणि शेजारी नवं बिऱ्हाड आलं की त्याचा नंबर आपणहून त्यांना द्या.