मीठ नाकारणारा गहू

‘मिठाला जागणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत इतका रुळला आहे की, ज्याने मीठ खाल्ले त्याने त्याच्याशी इमान राखावे याविषयी कोणास शंका येत नाही. गव्हाच्या रोपाचा न्याय मात्र निराळा आहे. खाऱ्या जमिनीत जे रोप मीठ मुकाट्याने गिळते ते लवकर करपते. जे त्याला दारातच अडविते त्याच्या ओंबीत दाणा भरतो. ‘क्षारसहिष्णू’ हे विशेषण आम्हांस म्हणूनच थोडे फसवे वाटते. गव्हाच्या बाबतीत तरी सोसण्यापेक्षा नाकारण्याचाच भाग त्यात मोठा आहे.

मिठाचा मारा दुहेरी असतो. प्रथम ते मातीतील पाणीच धरून ठेवते, आणि भोवती ओल असूनही मूळ तहानलेले राहते. पुढे सोडियम पाण्याबरोबर मुळांतील जलवाहिन्यांतून वर चढतो व पानांत साठतो. पेशींचा कारभार पोटॅशियमवर चालतो. सोडियम त्याची जागा बळकावतो, परंतु त्याचे काम काही त्याला साधत नाही. आधी जुनी पाने जातात. नवी पाने फुटण्याआधीच जुनी मरू लागली की ओंबीचा पोशिंदाच नाहीसा होतो.

आपण पोळीसाठी जो गहू वापरतो त्याच्यापाशी यावर उपाय आहे. मुळांतील जलवाहिन्यांना लागून असलेल्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन असते. जकातनाक्यावरील शिपायासारखे ते सोडियमला वाटेतच गाठून मागे ओढते. हे प्रथिन घडविणारे जनुक ज्या गुणसूत्रसंचात आहे, तो संच गव्हाला एका रानगवताकडून मिळाला. सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, शेतात आपोआप झालेल्या संकरातून २८ गुणसूत्रांचा गहू ४२ गुणसूत्रांचा झाला. आपली खिरीची खपली आणि रव्या-शेवयांची बन्सी या दोघी मात्र २८ गुणसूत्रांच्याच राहिल्या. रानगवताचा तो वारसा त्यांच्या वाट्यास आलेला नाही. चवीत त्या कितीही सरस असोत (आणि आमच्या मते त्या आहेतच), खाऱ्या जमिनीत बन्सीची जात पोळीच्या गव्हापुढे हरते ती बव्हंशी यामुळे.

ऑस्ट्रेलियात बन्सीच्याच जातीचा गहूही पिकतो. तेथे राना मन्स या विदुषींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वाण खाऱ्या पाण्यात वाढवून त्यांच्या पानांतील सोडियम मोजला. एका वाणात तो विलक्षण कमी आढळला. त्याची वंशावळ शोधता असे दिसले की, १९७० च्या सुमारास तांबेरा रोगाचा प्रतिकार मिळावा म्हणून त्यात एका अतिप्राचीन, १४ गुणसूत्रांच्या गव्हाचे रक्त मिसळलेले होते. तांबेऱ्यासाठी बोलाविलेला पाहुणा मिठावरचे औषधही पदरात बांधून आला होता. ते कोणी मागितले नव्हते! या गव्हाकडून आलेली दोन जनुके त्यांनी निश्चित केली. त्यांतील एक बन्सीच्या जातीत साध्या संकराने उतरविले असता, खाऱ्या शेतात उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढले. हे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. शिपाई सोडियमला अडवितो. मातीने धरून ठेवलेले पाणी तो सोडवीत नाही, आणि पाणथळ झालेल्या जमिनीत गुदमरणाऱ्या मुळांना श्वासही देत नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाला अतोनात पाणी देऊन ज्या जमिनी फुटल्या, त्यांना निचऱ्याचे चर हवेत. बियाणे सुधारले म्हणून पाटाचे पाणी वाटेल तसे सोडावे, असे म्हणणाऱ्याशी आमचे जमणार नाही.

आम्हांस अधिक विचार पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. राजस्थानात पाली जिल्ह्यातील खारची भागात ‘खारचिया’ नावाचा उंच वाढणारा, तांबड्या दाण्याचा गहू पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या जमिनीत पेरला जात आला. जनुक हा शब्द ज्यांच्या कानांवरून कधी गेला नाही, त्या शेतकऱ्यांनी तगलेल्या ओंब्यांचे दाणे दर वर्षी बाजूला काढून ठेवले. त्यांची नावे फारशी कोठे नोंदलेली नाहीत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने याच गव्हाच्या ‘खारचिया ६५’ या वाणाचा ‘डब्ल्यूएल ७११’ शी संकर करून ‘केआरएल १-४’ हा वाण १९९० मध्ये दिला. त्याच्याच संततीतून २००० मध्ये ‘केआरएल १९’ आला. खारचियाचा चिवटपणा कोण्या एका जनुकात सापडणारा नाही. अनेक लहान लहान गुणांची ती बेरीज आहे, आणि ती अजून पुरती उलगडलेली नाही. अधिक उत्पन्नाच्या वाणाला भुलून पालीतील एखाद्या घराने ती मूठभर बियाण्याची थैली रिकामी केली असती, तर कर्नालच्या विद्वानांना संकर तरी कशाशी करता आला असता?