काचेआडचं बोलणं

टेलिफोनच्या जन्माला वर्ष उलटतं न उलटतं, तोच त्यावर बोलण्यासाठी आडोसा शोधावा लागला. साल 1877. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा सहायक थॉमस वॉटसन बोस्टनमध्ये भाड्याच्या जागेतून दूरच्या शहरांशी बोलण्याच्या चाचण्या घेत होता. यंत्र नवं, तारेवरून जाणारा आवाज क्षीण, त्यामुळे ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरमालकीण वैतागली. मग वॉटसनने अंथरुणावरची ब्लँकेटं काढली, जमिनीवर त्यांचा बोगदा केला, एका टोकाला टेलिफोन बांधला आणि दुसऱ्या टोकाने आत शिरून तो हवा तेवढा ओरडला. आत उकाड्याने जीव गुदमरला, हेही त्याने पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे.

आवाज अडवायला गेलं की हवाही अडते. आज मोठमोठ्या ऑफिसांतून दिसणारे काचेचे साउंडप्रूफ पॉड बनवणाऱ्यांची झटापट अजून याच गोष्टीशी चाललेली असते.

या पॉडचा धंदा जगभर नेणाऱ्या कंपन्यांपैकी एक फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातली. सामू हॅल्फोर्स आणि वेसा-मत्ती मार्यामॅकी हे दोघे तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत मोकळ्या हॉलमध्ये बसून काम करायचे. त्यांचे साहेब सगळ्यांच्या मध्ये बसून फोनवर मोठमोठ्याने बोलत. दुसरीकडे जाऊन बोला, अशी विनंती झाली तेव्हा साहेबांनी उत्तर दिलं, मग मला एक टेलिफोन बूथ आणून द्या. दोघांनी ते मनावर घेतलं, आणि 2010 मध्ये 'फ्रेमरी' ही कंपनी उभी राहिली.

ताम्पेरेत हे घडावं यात एक वेगळीच गंमत आहे. हे मूळचं गिरण्यांचं गाव. 1820 मध्ये जेम्स फिनलेसन या स्कॉटिश माणसाने तिथल्या धबधब्याच्या काठी कारखाना काढला, त्याची पुढे अवाढव्य कापडगिरणी झाली, आणि तिच्याच विणकाम विभागात 1882 मध्ये विजेचे दिवे लागले. मागांचा खडखडाट म्हणजे काय, हे त्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मुंबईच्या गिरणगावात साचेखात्यात उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांनाही तो समजावून सांगावा लागणार नाही. तिथे आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जायचा. बोलायचं ते खाणाखुणांनी किंवा कानाला तोंड लावून. त्या आवाजाने माणसं खरोखर बहिरी झाली.

त्या मानाने आजचं ऑफिस शांतच म्हणायचं. माणसांची कुजबूज, की-बोर्डची टकटक, एसीची घरघर. कानाला यातलं काहीच इजा करत नाही. तरीही संध्याकाळी माणूस घरी येतो तो डोकं भणभणतच, आणि दिवसभर आपण नेमकं काय संपवलं हे त्याला सांगता येत नाही.

शेजारच्या खुर्चीवरून ऐकू येतं: "हो आई... नाही, रिपोर्ट उद्या मिळणार... मग बाबा काय म्हणाले?... अगं पण तू त्यांना सांगायचंस ना..." इतकंच. पलीकडचं काही नाही. ऐकणाऱ्याच्या समोर एक्सेलची शीट उघडी असते, कर्सर लुकलुकत असतो, आणि त्याचं मन मात्र विचारत असतं की कसला रिपोर्ट, बाबा काय म्हणाले असतील? चोरून ऐकायची त्याची मुळीच इच्छा नसते. कानांना पापण्या नसतात, एवढाच त्याचा दोष.

हे अर्धं संभाषण पूर्ण संभाषणापेक्षा जास्त छळतं, हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. लॉरेन एम्बरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2010 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात आला. काही जणांना पडद्यावरच्या फिरत्या ठिपक्याचा माग काढण्यासारखी कामं दिली आणि त्या वेळी कधी दोघांचं पूर्ण बोलणं, कधी एकाचं सलग निवेदन, तर कधी फोनवरची फक्त एक बाजू ऐकवली. चुका वाढल्या त्या एकच बाजू ऐकताना. पुढची पायरी अधिक महत्त्वाची. तेच अर्धं बोलणं असं गाळून ऐकवलं की आवाजाचं थांबणं-सुरू होणं कळेल, शब्द मात्र कळणार नाहीत. आणि लक्ष उडणं थांबलं.

म्हणजे त्रास देतो तो आवाजापेक्षा अर्थ. अर्थात हे सगळ्याच कामांना सारखं लागू नाही. अक्षरांची किंवा आकड्यांची ओळ क्रमाने लक्षात ठेवायची असेल, तर न समजणारी भाषासुद्धा आड येते. 1976 मध्ये कोल आणि वेल्श या दोन संशोधकांनी जर्मन न येणाऱ्यांना जर्मन ऐकवून हे दाखवलं होतं. बोलण्यातले चढउतारच तिथे स्मरणाचा धागा तोडतात. पण वाचणं, लिहिणं, मसुदा तयार करणं, म्हणजे ऑफिसातलं बहुतेक काम, शब्दांचंच असतं. दुसऱ्याचे शब्द आपल्या शब्दांत घुसतात ते तिथे.

ऑफिसातल्या भिंती पाडण्यामागे वाईट हेतू होता असं मुळीच नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्न इथे एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेल्ले या भावांनी दालनं आणि बंद दारं बाजूला सारून ऑफिसची मोकळी मांडणी सुचवली. साहेब आणि कारकून एकाच जमिनीवर, मध्ये झाडं, पायाखाली जाड गालिचा. तो गालिचा शोभेसाठी अंथरलेला नव्हता, आवाज शोषण्यासाठी होता. पुढे ही कल्पना जगभर गेली. जागेचं भाडं वाचतं म्हणून हॉल तेवढा उचलला गेला, आणि गालिचा, झाडं, अंतर हे सगळं खर्च म्हणून गळत गेलं. भिंतींना कान असतात म्हणून पूर्वी माणसं जपून बोलायची. इथे भिंती गेल्या, कान तेवढे राहिले.

सिडनी विद्यापीठाच्या किम आणि डी डिअर यांनी 2013 मध्ये 303 इमारतींमधल्या 42 हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची मतं तपासली, तेव्हा मोकळ्या हॉलमध्ये बसणाऱ्यांच्या नाराजीत सर्वांत वर होता तो बोलण्याच्या खासगीपणाचा अभाव. समोरासमोरच्या गप्पांचा फायदा ही नाराजी भरून काढेल, ही अपेक्षाही त्या आकडेवारीत टिकली नाही. 2018 मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन यांनी दोन बड्या कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर लावून मोजलं: मोकळ्या हॉलमध्ये गेल्यावर समोरासमोर बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळे ऐकत असताना मोकळेपणाने बोलणार कोण? माणसं हेडफोन चढवून स्वतःभोवती भिंत उभारतात, कारण दुसरी भिंत कुणी ठेवलेलीच नसते.

अशा हॉलमध्ये पॉड येतो. साधारण मीटरभर रुंद, सव्वादोन मीटर उंच, वजन काहीशे किलो. दार ओढून घेतलं की रबराची पट्टी चौकटीवर चेपली जाते आणि कानात किंचित दडा बसल्यासारखं होतं. आत माणूस आल्याचं ओळखून वरचा पंखा सुरू होतो. काच एकेरी नसते. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून बसवलेला असतो, तो कंपनं जिरवतो. भिंतीही थरांच्या: बाहेर वजनदार कवच, मध्ये शोषून घेणारा मऊ भराव, आत फेल्टचं अस्तर. वजन बाहेर जाणारा आवाज अडवतं, अस्तर आतला घुमारा मारतं. ही दोन वेगळी कामं आहेत. भिंतीवर नुसता फोम चिकटवून खोली साउंडप्रूफ केल्याचं समाधान मानणारे पुष्कळ असतात. त्यांच्या खोलीत आवाज घुमत नाही, पण बाहेर सगळं ऐकू जातं.

खरी परीक्षा फटींची. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त 1 टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, आवाज 20 डेसिबलपेक्षा जास्त घटत नाही. आणि हवेसाठी वाट तर ठेवायलाच हवी. म्हणून ती वाट वाकडीतिकडी केलेली, आतून अस्तर लावलेली असते. हवा वळणं घेत निघून जाते, आवाज प्रत्येक वळणावर थोडा थोडा अस्तरात मुरतो. वॉटसनच्या ब्लँकेटांत नेमकी हीच वाट नव्हती.

बरीच वर्षं कंपन्या जाहिरातीत एकट्या काचेची किंवा एकट्या भिंतीची प्रयोगशाळेतली क्षमता छापायच्या. ग्राहकाला वाटायचं, पूर्ण पॉडच इतका आवाज अडवतो. 2020 मध्ये आयएसओ 23351-1 हे मानक आलं आणि पूर्ण पॉड, दार-पंख्यासकट, मोजला जाऊ लागला: आतल्या माणसाचं बोलणं बाहेर किती घटून येतं? 30 ते 33 डेसिबल घट म्हणजे अ वर्ग, त्यापेक्षा जास्त म्हणजे अ-अधिक, 15 ते 20 म्हणजे ड. पॉड घेणाऱ्याने फक्त हा वर्ग विचारला तरी अर्धी फसवणूक टळते.

आता या आकड्यांचा अर्थ पाहा. साधं बोलणं मीटरभरावर 60 डेसिबलच्या आसपास असतं. अ वर्गाचा पॉड ते तिशीवर आणतो. हॉलची स्वतःची गजबज चाळिशीत असते. म्हणजे बोलणं संपत नाही, हॉलच्या गजबजीखाली बुडतं. कुणीतरी बोलतंय एवढं कदाचित कळेल, काय बोलतंय ते नाही. पॉडचं काम संपूर्ण शांतता निर्माण करणं हे नाहीच. शब्दांतून अर्थ काढून घेणं, एवढंच आहे. म्हणूनच अगदी सामसूम ऑफिसात तोच पॉड अपुरा पडतो आणि गजबजलेल्या ऑफिसात उत्तम ठरतो.

पूर्ण शांततेचा हट्ट कुठे नेतो याचं उदाहरण लंडनच्या चेल्सी भागात आहे. लेखक थॉमस कार्लाइल यांनी 1853 मध्ये शेजारचे कोंबडे आणि रस्त्यावरचे बाजेवाले यांना कंटाळून घराच्या माथ्यावर ध्वनिरोधक खोली बांधून घेतली. जवळचे काही आवाज कमी झाले, पण पूर्वी जाणवतही नव्हते असे दूरदूरचे आवाज वर ऐकू येऊ लागले. पैसे गेले, मनस्ताप झाला. तरी फ्रेडरिक द ग्रेटचं चरित्र त्यांनी त्याच खोलीत बसून लिहिलं.

पॉडमध्ये आणखी एक गोष्ट घडते, ती बोलणाऱ्याच्या बाजूने. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे 1911 मध्ये फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी नोंदवलं होतं. हॉलमध्ये एक जण चढवतो म्हणून दुसरा, दुसरा म्हणून तिसरा. पॉडमध्ये हे उलटं होतं. स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, तो आपोआप खाली येतो, आणि त्याबरोबर बोलण्यातली घाईही.

हे सुख कुणाला मिळतं, हा प्रश्न टाळून चालणार नाही. हिंजवडीत, ऐरोलीत, शेकडो माणसांच्या हॉलमध्ये साहेबांना केबिन असते. बाकीच्यांना जिना. डॉक्टरांचा फोन, बँकेच्या हप्त्याचा फोन, शाळेतून आलेला फोन, नवऱ्याशी किंवा बायकोशी झालेला तंटा, हे सगळं जिन्याच्या वळणावर, पार्किंगमधल्या खांबाआड, पॅन्ट्रीच्या कोपऱ्यात उरकलं जातं. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून माणसं तिथे तोंडावर हात धरून बोलतात. 2020 नंतर व्हिडिओ कॉल प्रत्येकाच्या टेबलावर आले आणि ही ओढाताण आणखी वाढली. अशा ठिकाणी पॉड ही चैन नाही. मात्र एका पॉडची किंमत लाखांच्या घरात जाते, म्हणून दोनशे जणांमागे दोन घेतले जातात आणि त्यांतल्या एकात कुणीतरी लॅपटॉप घेऊन दुपारभर ठाण मांडून बसतं.

काचेचाही विचार व्हायला हवा. कामाच्या ठिकाणी बंद खोली पारदर्शक असावी हे योग्यच. आत काय चाललंय हे दिसत असलं की दोघांच्या पॉडमध्ये कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही सुरक्षित वाटतं. पण वाईट बातमी ऐकणाऱ्याचा चेहरा हॉलभर दिसावा हे योग्य नाही. आसन वाटेकडे पाठ करून ठेवलं, काचेवर डोळ्यांच्या उंचीला धूसर पट्टा लावला, की हे साधतं. उंबरठ्याला उतार दिला की व्हीलचेअरवरचा सहकारीही आत जाऊ शकतो, अर्थात पॉड तेवढा रुंद घेतला असेल तर.

आणि पॉड आणण्याआधी हॉल मोजायला हवा. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर त्याचे शब्द लक्ष वेधण्याइतके स्पष्ट राहत नाहीत, हे मोजण्याची पद्धत आयएसओ 3382-3 या मानकात 2012 पासून दिलेली आहे. चांगल्या हॉलमध्ये हे अंतर 5 मीटरच्या आत असतं, वाईट हॉलमध्ये 10 च्या पुढे. शोषक छत, टेबलांमधले उंच पडदे आणि गालिचा यांनी ते कमी होतं, आणि मग पॉडवरचा भार हलका होतो. ऑफिसच्या नकाशावर सही करणाऱ्याने प्रतिमाणशी किती चौरस फूट हे विचारण्याआधी हा मीटरचा आकडा मागावा, आणि तो त्या हॉलमध्ये बसणाऱ्यांनाही सांगावा.