गहाण पडलेला चषक

‘ऋण काढून सण करू नये’ ही म्हण मी माझ्या विद्यार्थ्यांना किती वेळा ऐकविली असेल, याची गणती नाही. शिक्षकी पेशात जन्म घालविलेल्या माणसाला म्हणींची सवय जडते, आणि आपण म्हटले तेच खरे, असेही त्याला वाटू लागते. परंतु इंग्लंडमधील एका लहानशा गावी ही म्हण माझ्या ओठांवर आली आणि तेथेच अडखळली.

माझी कन्या न्यूकॅसल शहरी राहते. तिच्याकडे गेलो असता एका शनिवारी जावईबापू मला डरहॅम परगण्यातील वेस्ट ऑकलंड या गावी फुटबॉलचा सामना पाहण्यास घेऊन गेले. गावाच्या मधोमध लांबच लांब हिरवळ आणि तिच्या दोन्ही अंगांस घरांच्या रांगा. एके काळी हा सारा मुलूख कोळशाच्या खाणींचा होता. त्या खाणी आता बंद पडल्या आहेत. हिरवळीवर मात्र २०१३ साली बसविलेले एक स्मारकशिल्प उभे आहे. एवढ्याशा गावात फुटबॉलपटूंचे स्मारक कशासाठी, असे मी विचारले आणि सामना सुरू होईपर्यंत मला सारी हकीकत ऐकावयास मिळाली.

मुलांनो, इंग्लंडमधील फुटबॉलचे संघ जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक मांडलेले आहेत. वरच्या चार पायऱ्यांवरील संघांची नावे जगभर ठाऊक असतात. त्यांच्या खालच्या साऱ्या संघांना मिळून ‘नॉन-लीग’ म्हणतात. या संघांतील बहुतेक खेळाडू दिवसा आपापला कामधंदा करतात आणि सवडीने खेळतात. वेस्ट ऑकलंडचा संघ अशांपैकीच. विसाव्या शतकाच्या आरंभी तर त्यातील पुष्कळसे गडी खाणीत खपणारे होते, आणि १८८९ मध्ये सुरू झालेल्या ‘नॉर्दर्न लीग’मध्येसुद्धा त्यांची गणना पहिल्या प्रतीच्या संघांत होत नसे.

त्या काळी सर टॉमस लिप्टन नावाचे एक धनाढ्य गृहस्थ होते. लिप्टन चहाचे नाव आपल्याकडेही घरोघरी पोचले, ते हेच. या गृहस्थांनी इटलीतील तूरिन शहरी होणाऱ्या फुटबॉल स्पर्धेसाठी चांदीचा एक चषक दिला. इटली, जर्मनी व स्वित्झर्लंड येथील संघ यावयाचे ठरले. परंतु इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपला संघ धाडण्यास नकार दिला. तेव्हा निमंत्रण आले ते वेस्ट ऑकलंडला! ते या खाणकामगारांनाच का आले, याचा उलगडा आजवर कोणाला झालेला नाही. इंग्रजीत ‘वूलिच आर्सेनल’ या बड्या संघाची आणि या संघाची आद्याक्षरे एकच असल्यामुळे घोटाळा झाला, अशी एक आख्यायिका आहे. ती मोठी गमतीची आहे खरी, पण तिला पुरावा नाही.

निमंत्रण आले, पण जावयाचे कसे? आगगाडीचे भाडे, बोटीचे भाडे, आणि कामावर खाडा झाला म्हणजे मजुरीही बुडावयाची. काही खेळाडूंनी घरातील चीजवस्तू गहाण टाकून पैसा उभा केला, असे सांगतात. १९०९ च्या एप्रिलमध्ये ते तूरिनला पोचले, त्यांनी जर्मनीच्या स्टुटगार्टच्या संघाला दोन गोलांनी नमविले, आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूर संघावरही तितक्याच गोलांनी मात केली.

१९११ मध्ये ते चषक राखण्यासाठी पुन्हा गेले. या वेळी अंतिम सामन्यात त्यांची गाठ युव्हेंटसशी पडली. हा संघ १८९७ मध्ये तूरिनमधील शाळकरी मुलांनी स्थापन केला होता. पुढे तो जगातील नामांकित संघ झाला. त्या दिवशी मात्र खाणकामगारांनी त्याच्यावर सहास एक असा विजय मिळविला. लागोपाठ दोनदा जिंकल्यामुळे चषक कायमचा त्यांच्या मालकीचा झाला. गावकरी याला अभिमानाने ‘पहिला विश्वचषक’ म्हणतात. खरा विश्वचषक १९३० साली सुरू झाला आणि तूरिनच्या स्पर्धेत अवघे चार संघ होते, हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. पण मी मास्तरकी करून त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

संघ विजयी होऊन परतला, तो डोक्यावर कर्ज घेऊन. देणे भागविण्यासाठी गावातील खाणावळीच्या मालकिणीकडून चाळीस पौंड घ्यावे लागले आणि तारण म्हणून तो चषकच तिच्या स्वाधीन करावा लागला. एकदा गेलेला चषक सुमारे पन्नास वर्षे परत आला नाही. दोन महायुद्धे होऊन गेली, खेळाडूंची एक पिढी मावळली. अखेर १९६० मध्ये गावकऱ्यांनी शंभर पौंड उभे करून तो सोडविला. पुढे १९९४ मध्ये तो चोरीस गेला, तो आजतागायत सापडलेला नाही. गावाने त्याची हुबेहूब प्रतिकृती करवून घेतली आहे. संघ खेळतोच आहे. १९६१ मध्ये हौशी संघांच्या चषकासाठी, तर २०१२ आणि २०१४ मध्ये लहान संघांच्या ‘व्हाज’ चषकासाठी तो वेम्बलीच्या भव्य मैदानावर अंतिम सामना खेळला, आणि तिन्ही वेळा हरला.

मध्यंतरात आम्ही चहा घेत असता फाटकावर तिकिटे देणारे एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन बसले. माझ्यातील मुख्याध्यापक स्वस्थ बसेना. मी म्हणालो, “आमच्याकडे म्हणतात, ऋण काढून सण करू नये. तुमच्या मंडळींनी कर्ज केले आणि चषकही घालविला. न जाते तर बरे झाले नसते का?”

ते गालांतल्या गालांत हसले. म्हणाले, “पण महाराज, ते गेलेच नसते, तर गहाण ठेवायला चषक आणला असता कुठून?”

यावर मला उत्तर सुचले नाही. खेळ पुन्हा सुरू झाला, पण माझे लक्ष त्यात लागेना.

१९९८ सालची गोष्ट. मी नुकताच मुख्याध्यापक झालो होतो. आमच्या शाळेच्या खो-खोच्या संघाने जिल्ह्यात पहिला क्रमांक मिळविला आणि पुढच्या स्पर्धेसाठी त्याला दूरच्या शहरी जावयाचे होते. शाळेच्या शिलकेत पैसा नव्हता. संघाचा कर्णधार, आठवीतला एक काटक मुलगा, माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. “सर, आम्ही बाजारात शेंगा विकून पैसे जमवू. कमी पडतील तेवढे उसने द्या,” असे तो म्हणाला. मी त्याला ती म्हण ऐकविली आणि परत पाठविले. संघ गेला नाही.

तो कर्णधार आता चाळिशी ओलांडलेला आहे. बाजारपेठेत त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. मायदेशी परतल्यावर मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो आणि त्याला वेस्ट ऑकलंडची हकीकत सांगितली. त्या म्हाताऱ्याचे उत्तरही सांगितले. त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. एका गिऱ्हाइकाला साखर तोलून दिली, तागडी खाली ठेवली, आणि मग तो म्हणाला, “सर, त्या दिवशी तुमच्याकडे आलो ना, तेव्हा शेंगांचे एकशे बारा रुपये माझ्या खिशात होते.”